सीतारामभाऊंचा गुडघा

लोणावळ्याला बौद्ध समाजाचा वधू-वर मेळावा होता. वराळ्याचे सीताराम ओव्हाळ आपल्या पुतण्याला, आकाशला, घेऊन आले होते आणि वलवणच्या हिरा रोकडे आपल्या भाचीला, रेणुकाला. दोघांना समोरासमोर बसवून चहा दिला गेला. आकाशचं सगळं लक्ष मोबाइलवरच्या सामन्यात होतं आणि रेणुकाला मावशीने शपथ घालून आणलं होतं. चहा संपायच्या आत दोघं उठून आपापल्या वाटेने गेले. मोठी दोघं मात्र बसून राहिली, कारण जेवणाला अजून अवकाश होता.

"पोरगी हुशार दिसती," सीतारामभाऊ म्हणाले.

"हुशार आहे म्हणूनच उठून गेली," हिराबाई म्हणाल्या.

सीतारामभाऊंना हसू फुटलं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि तेव्हापासून त्यांना असं एका वाक्यात कुणी हसवलं नव्हतं. ते एमआयडीसीतल्या काचेच्या कारखान्यात फिटर होते, नुकतेच निवृत्त झाले होते. मुलगा सुरज आणि सून चैताली यांच्याबरोबर राहायचे, मजेत होते. पण मजा सांगायला संध्याकाळी कुणी नसायचं. हिराबाई लोणावळा नगरपरिषदेच्या पाणीपुरवठा खात्यात फोनवर बसायच्या. 'पाणी कधी येणार' हा एकच प्रश्न दिवसभर. त्यावर 'बघते', 'सांगते' असलं त्या कधी बोलायच्या नाहीत. येणार असलं तर येणार, नसलं तर 'आज येणार नाही, उद्या सकाळी भरून ठेवा.' लोक त्यांना थोडे दबकून असत आणि त्यांच्या शब्दावर टाक्या धुऊन ठेवत.

जेवताना दोघं शेजारी बसले. पुढच्या रविवारी भाऊ कारण नसताना लोकलने लोणावळ्याला गेले. त्याच्या पुढच्या रविवारी कारण होतं. वलवण धरणाच्या कडेने दोघं फिरायची, शेंगा खायची, घरी यायची. हिराबाई आधी त्यांना सगळ्यांसारखं 'भाऊ' म्हणायच्या. लग्नाचं बोलणं निघाल्यावर ते म्हणणं अवघड झालं. दुसरं काय म्हणावं हे ठरेना, म्हणून मग त्या नाव न घेताच बोलू लागल्या.

सुरजला बातमी कळली तेव्हा तो म्हणाला, "आबा, मग पुढची खोली रंगवून घेऊ." चैतालीला तर आधीच सगळं कळलं होतं. सासरा दर रविवारी इस्त्रीचा शर्ट मागतो, यावरून तिने ओळखलं होतं.

बोलल्या त्या फक्त मुक्ताबाई, भाऊंच्या थोरल्या बहीण. त्या सुदुंबऱ्याहून मुद्दाम आल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "सीताराम, या वयात गुडघ्याला बाशिंग बांधून बसलायस व्हय?"

"अक्का, आपल्यात बाशिंग नसतं," भाऊ म्हणाले.

"गुडघं तर असत्यात ना," मुक्ताबाई म्हणाल्या, आणि मग स्वतःच हसल्या. मुलगी कशी आहे, कुठली आहे, स्वभावाला कशी, हे सगळं त्यांनी तासभर विचारून घेतलं. हिराबाईंना त्या सरळ 'मुलगी' म्हणत होत्या.

लग्न विहाराच्या सभागृहात, साधंच करायचं ठरलं. भाऊंनी पांढरा सदरा शिवायला टाकला. शिंप्याने माप घेताना पोटावर टेप आणली आणि नम्रपणे म्हणाला, "भाऊ, श्वास सोडला तरी चालंल." भाऊंनी श्वास सोडला. टेप पुढे सरकली. ती किती सरकली हे शिंप्याने मोठ्याने वाचलं नाही, पण भाऊंनी आरशात पाहिलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते सुरजचे बूट घालून पळायला बाहेर पडले. नोकरीत असताना उभं राहून काम केलं होतं, निवृत्तीनंतर मात्र बहुतेक वेळ बसूनच गेला होता. पळायचं म्हणजे काय, हे शरीर पार विसरलं होतं. आधी वराळ्याच्या रस्त्याने, मग थोडं लांब, मग भंडारा डोंगराचा चढ. वर जाताना दम लागायचा, म्हणून वसूल करायला उतरताना ते धावत उतरायचे. वाटेत भेटणारी कॉलेजची पोरं 'आबा, एक नंबर' म्हणायची. भाऊ आणखी जोरात पळायचे.

अशाच एका सकाळी, उतारावरच्या वळणावर, उजव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला कुणीतरी खिळा मारावा तसं झालं. पडले नाहीत, मुरगळलं नाही, कुठे आपटलं नाही. पाऊल टाकलं आणि खिळा. ते कठड्यावर बसले. थोड्या वेळाने उठून लंगडत घरी आले आणि चैतालीला म्हणाले, "शीर धरली असंल."

शीर सोडायला जेवढे उपाय माणसाला माहीत असतात तेवढे झाले. तेल झालं, शेक झाला, मलम झालं, निळा पट्टा झाला. गावातल्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. एक्स-रे स्वच्छ होता. भाऊंना आनंद झाला आणि त्या आनंदात ते आणखी दोनदा पळून आले. मग मात्र गुडघा बसल्या जागीही ठणकायला लागला. संडासला बसताना त्यांच्या तोंडून जो आवाज आला तो ऐकून चैतालीने कुणालाही न विचारता तळेगावच्या हाडांच्या डॉक्टर, शुभदा काकडे, यांची वेळ घेतली.

डॉक्टरबाईंनी गुडघा दाबून पाहिला, स्वच्छ एक्स-रे बाजूला ठेवला आणि एमआरआय करायला सांगितला. त्या नळकांड्यात भाऊ पडून राहिले. कानावर हेडफोन होते, तरी बाहेर कुणीतरी पत्रा ठोकतंय, मध्येच ड्रिल मारतंय, असे आवाज येत होते. कारखान्यात आयुष्य गेलेल्या माणसाला त्यात वावगं काही वाटलं नाही. त्यांना तिथे चक्क डुलकी लागली.

फोटो पाहून डॉक्टरबाई बराच वेळ बोलल्या. हाडात बारीक भेग आहे, ती अशी, ती तशी, आशा कशाची, धोका कशाचा. भाऊंनी मान डोलावली, पण कानात शिरलं ते एकच वाक्य. सहा आठवडे या पायावर भार द्यायचा नाही, वॉकर घ्यायचा.

"लग्न हाय," भाऊ म्हणाले.

"मुलाचं?"

"न्हाई. माजंच."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "अभिनंदन," त्या म्हणाल्या. "पण पायाला ते माहीत नाही. पाय टेकवायचा नाही."

ही बातमी सुदुंबऱ्याला पोचली तेव्हा मुक्ताबाईंनी कपाळाला हात लावला. बाशिंगाचं आपण बोललो आणि भावाचा गुडघाच गेला, असं त्यांच्या मनाने घेतलं. दुसऱ्याच दिवशी नाचणीच्या लाडवांचा डबा घेऊन त्या आल्या आणि लाडू संपेपर्यंत भावाशी फार गोड बोलल्या.

हिराबाईंना मात्र कुणी काही कळवलं नाही. भाऊंनी घरात सगळ्यांना तसं बजावून ठेवलं होतं.

त्याला कारण होतं. हिराबाईंचे पहिले यजमान मणक्याच्या दुखण्याने अंथरुणाला खिळले होते आणि गेले तेव्हा त्याला कितीतरी वर्षं झाली होती. त्या काळात हिराबाई सकाळी त्यांचं आवरून नोकरीला जायच्या, दुपारी येऊन कूस बदलायच्या, परत जायच्या. धरणाच्या कडेने चालताना हे त्यांनी एकदाच सांगितलं होतं, तेही समोर पाण्याकडे बघत. "पुन्हा ते झेपायचं नाही मला," एवढंच शेवटी म्हणाल्या होत्या. आता लग्नाच्या तोंडावर आपण वॉकर धरून त्यांच्यापुढे उभं राहायचं, या कल्पनेनेच भाऊंना घाम फुटायचा.

मग रविवारची कारणं सुरू झाली. एका रविवारी पाहुणे आले. एका रविवारी सर्दी झाली. एका रविवारी तर लोकलचा मेगाब्लॉक होता, आणि तो निदान खरा होता. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल व्हायचा, तेव्हा भाऊ खुर्चीत ताठ बसायचे आणि वॉकर चैतालीच्या शिलाई मशीनमागे जायचा.

"आबा, हे बरं न्हाई," चैताली म्हणायची.

"सहा आठवड्यांचा तर प्रश्न हाय."

"लग्न पाच आठवड्यांवर हाय."

यावर भाऊ वॉकर आणखी आत ढकलायला सांगायचे. त्या दिवसांत ते उत्तरं नसलेल्या गोष्टींचा विचारच करत नव्हते.

हिराबाईंच्या लक्षात आलं ते एका साध्या गोष्टीवरून. एरवी हा माणूस फोनवर बोलताना घरभर फिरायचा. कधी मागे तुळई दिसायची, कधी मोरी, कधी शेजाऱ्यांचं कुत्रं. आता रोज मागे एकच कॅलेंडर दिसत होतं. त्यांनी काही विचारलं नाही. शनिवारी अर्धी रजा टाकली, लोकलने तळेगावला उतरल्या, रिक्षा केली आणि दुपारी वराळ्याच्या अंगणात येऊन उभ्या राहिल्या.

भाऊ ओट्यावर पाय स्टुलावर ठेवून लसूण सोलत बसले होते. वॉकर शेजारीच उभा होता.

"जय भीम," हिराबाई म्हणाल्या.

भाऊ उठायला गेले. दोन्ही पायांवर, वॉकरला हात न लावता. हिराबाईंनी त्यांचा चेहरा पाहिला.

"बसा," त्या म्हणाल्या.

ते बसले. चैताली आतून आली, पाहिलं, आणि चहा ठेवते म्हणून परत आत गेली. हिराबाई समोरच्या पायरीवर बसल्या. पर्स मांडीवर घेतली.

"कधीपासून?"

भाऊंनी सांगितलं. पळण्यापासून नळकांड्यापर्यंत सगळं. पोटाचा भाग ते वगळणार होते, पण सांगता सांगता तोही आला.

"म्हणजे माझ्यासाठी पळत होता."

"तुमच्यासाठी कशाला. सदऱ्यासाठी."

एरवी हिराबाई हसल्या असत्या. त्या हसल्या नाहीत.

"मला का नाही सांगितलं?"

"तुमी म्हणला व्हता, पुन्हा झेपायचं न्हाई म्हणून."

"म्हणाले होते. अजूनही म्हणते. पण म्हणून तुम्ही ठरवलंत की मला कळूच द्यायचं नाही." त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "माझ्या नवऱ्याच्या वेळी मी किती डॉक्टरांना विचारलं असेल, पुढं काय होणार म्हणून. प्रत्येक जण म्हणायचा, बघू. सात-आठ वर्षं 'बघू'. कुणीतरी एकाने सरळ सांगितलं असतं, बाई, हा उठायचा नाही, तर मी रडले असते आणि कामाला लागले असते. ते 'बघू' मला पुरून उरलं. आणि आता तुम्ही."

चहा आला. त्यांनी तो घेतला, कारण चैतालीचा त्यात काही दोष नव्हता. कप खाली ठेवून त्या म्हणाल्या, "मला त्या डॉक्टरला भेटायचंय."

सोमवारी दोघं डॉक्टरबाईंच्या समोर बसली. भाऊंनी ओळख करून दिली, पण नातं सांगताना अडखळले.

"आपण यांच्या घरच्या?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"अजून नाही," हिराबाई म्हणाल्या. "व्हायचं की नाही, ते ठरवायला आलेय. पुढं काय होणार ते सांगा. फक्त 'बघू' म्हणू नका."

डॉक्टरबाईंनी भाऊंकडे पाहिलं. भाऊंनी मान हलवली. मग डॉक्टरबाईंनी संगणकाचा पडदा त्या दोघांकडे फिरवला.

"हे मांडीचं हाड, खालचं टोक. हा पांढरा भाग दिसतोय? हे हाडाच्या आत आलेलं पाणी. सूज म्हणा."

पांढरा भाग चांगला तळहाताएवढा दिसत होता. हिराबाई पुढे वाकल्या.

"सगळे यालाच घाबरतात," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण हे केवढं मोठं आहे, यावरून मला पुढचं फारसं कळत नाही. सूज येते, ओसरते. मी बघते ते इथं." त्यांनी बोट हाडाच्या अगदी कडेला नेलं. कूर्चेच्या, म्हणजे हाडावरच्या मऊ अस्तराच्या खाली, गोलाईला धरून, पेन्सिलने ओढावी तशी एक काळी रेघ होती. "रस्त्याचं डांबर वरून नीट असतं, पण खालची खडी हलते. तसं हे. ही काळी रेघ जाड आणि लांब असली, तर तिथलं हाड पुन्हा जिवंत व्हायची शक्यता कमी. मग वरची गोलाई खचते आणि सांधा खराब होतो. यांची रेघ बारीक आहे. आणि गोलाई बघा, कुठंही चपटी झालेली नाही. या दोन्ही गोष्टी चांगल्या."

"आणि वाईट काय?" हिराबाईंनी विचारलं.

डॉक्टरबाईंनी त्यांच्याकडे वळून पाहिलं. बहुतेक पेशंट या जागी विचारायचे, गोळ्या जेवणाआधी की नंतर.

"वाईट हे. दोन हाडांच्या मधली ही गादी जागेवरून थोडी बाहेर सरकलीय. ती भार झेलते. ती सरकली की भार हाडावर येतो. फार नाही सरकली, पण आहे. नसती तर मी आणखी छातीठोक बोलले असते."

"मग आता किती छातीठोक?"

"असे दहा गुडघे माझ्यासमोर आले, तर सात-आठ भरून येतील असं मी म्हणेन. पाय टेकवला नाही तर. टेकवला तर हा हिशोब माझा नाही."

"आणि उरलेल्या दोन-तीनांत हे निघाले तर?"

"गोलाई खचेल, दुखत राहील. मग सांध्याची तेवढी एक बाजू बदलावी लागेल. ऑपरेशन आहे, छोटं नाही. पण त्यानंतर माणूस चालतो. अंथरुणाला खिळवणारं दुखणं नाही हे, कुठल्याही बाजूने गेलं तरी." त्या हिराबाईंकडे बघून बोलत होत्या. "तीन महिन्यांनी पुन्हा एमआरआय करू. तेव्हा कळेल. त्याआधी मलाही कळणार नाही, आणि कळतंय असं मी दाखवणार नाही."

हिराबाईंनी पडद्यावरची ती रेघ पुन्हा एकदा पाहिली. "एवढंच हवं होतं," त्या म्हणाल्या आणि उठल्या.

बाहेर रिक्षाची वाट बघत दोघं दवाखान्याच्या बाकावर बसली. भाऊंनी वॉकर पुढ्यात धरला होता.

"माजं ऐका," ते म्हणाले. "लगीन पुढं ढकलू. दुसरा फोटू येऊ द्या. चांगला आला तर करू."

"आणि वाईट आला तर?"

भाऊ रिक्षा येतेय का ते बघू लागले.

"म्हणजे मी तुमच्याशी नाही, फोटोशी लग्न करायचं," हिराबाई म्हणाल्या. "मला विचार करू द्या. फोन करू नका. मी करेन."

त्या लोकलने गेल्या. तो आठवडा भाऊंना फार जड गेला. फोन उशाशी असायचा, आणि वाजला की बँकेचा नाहीतर प्लॉट विकणाऱ्यांचा निघायचा. पाय मात्र त्यांनी त्या आठवड्यात चुकूनही टेकवला नाही. बसल्या बसल्या शेजाऱ्यांचे बिघडलेले मिक्सर दुरुस्त केले. चैतालीकडून चपात्या लाटायला शिकले. पहिल्या दिवशी सुरजने त्या निमूटपणे खाल्ल्या, दुसऱ्या दिवशी मात्र 'भात हाय का' असं विचारलं. मुक्ताबाई दोनदा फोन करून रडल्या.

शुक्रवारी संध्याकाळी फोन आला. भाऊ ओट्यावर होते.

"तारीख तीच ठेवायची," हिराबाई म्हणाल्या. नमस्कार नाही, काही नाही. "पण माझं ऐकून घ्या आधी. दुखलं तर दुखतंय म्हणायचं. लपवायचं नाही. मी नोकरी सोडणार नाही. तुमच्या उशाशी बसणार नाही. पुढं कधी ऑपरेशन झालंच, तर माणूस ठेवू आणि मी संध्याकाळी येऊन गप्पा मारीन. एवढंच जमेल मला. चालेल का, नीट विचार करून सांगा."

"चालंल," भाऊ म्हणाले.

"विचार कुठं केलात?"

"आठवडाभर दुसरं काय केलं मग."

मग हिराबाईंनी विचारलं, "आत्ता दुखतंय का?"

'न्हाई' जिभेवर आलं होतं. "व्हय," भाऊ म्हणाले. "दुपारपास्नं जरा ठणकतंय."

"मग पाय वर घ्या."

त्यांनी पाय वर घेतला.

लग्न ठरल्या दिवशीच झालं. मुक्ताबाईंनी सकाळीच वॉकरला मोगऱ्याचे गजरे गुंडाळले. नवरदेवाने वॉकर नेमका कुठे धरायचा, हे त्यामुळे कुणाला समजेना. पांढऱ्या सदऱ्याच्या गुंड्या लागल्या, कारण चैतालीने त्या आदल्या दिवशी पुढे सरकवून लावल्या होत्या. बौद्धाचार्यांनी वॉकर पाहिला आणि दोघांना खुर्च्या द्यायला सांगितल्या. वंदना सगळ्यांनी बसूनच घेतली. पुष्पहार घालताना हिराबाई उठल्या, वाकल्या आणि हार घातला. भाऊंनी बसल्या जागेवरून घातला. तो त्यांच्या खांद्यावर तिरका पडला आणि फोटोतही तसाच आला. आकाश आणि रेणुका दोघंही आले होते. ती दोघं सभागृहाच्या दोन टोकांना बसली आणि भरपूर जेवली.

त्यानंतर दोघांचा संसार दोन गावांत सुरू झाला. हिराबाईंचं वलवणचं घर पहिल्या मजल्यावर होतं आणि जिना उभा होता. जिना भाऊंना बंद होता. म्हणून त्या आठवडाभर वलवणला राहायच्या आणि शनिवारी वराळ्याला यायच्या. वॉकर सुटला, काठी आली, पुढे काठीही कोपऱ्यात गेली. भाऊ रोज फोनवर गुडघ्याचा अहवाल द्यायचे: आज बरं, आज थोडं, आज न्हाई. कधी कधी हिराबाई म्हणायच्या, "गुडघा कळला, आता माणूस कसाय ते सांगा."

तीन महिने झाले तेव्हा भाऊ पुन्हा त्या नळकांड्यात शिरले. या वेळी त्यांना डुलकी लागली नाही. पत्रा ठोकण्याच्या प्रत्येक आवाजाला त्यांना वाटायचं, आता काहीतरी सापडलं. हिराबाई बाहेर बसल्या होत्या. समोरच्या टीव्हीवर कसली तरी पाककृती चालू होती. नंतर कुणी विचारलं असतं तर ती भाजी कसली होती हे त्यांना सांगता आलं नसतं.

डॉक्टरबाईंनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. डावीकडे तो जुना पांढरा ढग. उजवीकडे ढग विरला होता, नुसता धुरकट डाग उरला होता. काळी रेघ तुटक झाली होती, मध्ये मध्ये हाडाचा रंग आला होता.

"गोलाई?" हिराबाईंनी विचारलं.

"जशीच्या तशी. हे बघा. भरतंय." डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. "गादी आहे तिथंच आहे, ती मागे जाणार नाही. त्यामुळे पुढं कधीतरी हा गुडघा जरा लवकर झिजेल. चाला, जिने चढा, पळू मात्र नका. उतारावर तर नाहीच."

"म्हणजे तुमी म्हणला तसंच झालं," भाऊ म्हणाले.

"तुमच्या बाबतीत." डॉक्टरबाई म्हणाल्या, "तुमच्याच आसपास एक बाई आल्या होत्या. फोटो तुमच्यापेक्षा चांगला होता. मी त्यांना तुमच्यापेक्षा जास्त छातीठोकपणे सांगितलं होतं. त्यांची गोलाई खचली. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन करतेय."



"त्यांना सांगितलंत, अंदाज चुकला म्हणून?" हिराबाईंनी विचारलं.

"सांगितलं."

"मग ठीक आहे," हिराबाई म्हणाल्या. त्यांनी त्या बाईंचं नाव विचारलं नाही, पण निघताना दारात थांबून म्हणाल्या, "त्यांना घरी करणारं कुणी नसलं, तर माझा नंबर ठेवा. शनिवार-रविवार मी इथंच असते."

बाहेर ऊन चांगलं होतं. रिक्षावाला वराळ्याला जायला तयार होता. भाऊ त्याच्याशी बोलले आणि हिराबाईंकडे वळून म्हणाले, "स्टेशनला सांगितलंय."

"का?"

"जिने चढा म्हणाल्या ना त्या. वलवणला येतो आजच."

"कपडे?"

"सुरज आणून दील उद्या."

दुपारची लोकल निम्मी रिकामी होती. भाऊ खिडकीशी बसले. कामशेत मागे पडलं. मग हिराबाईंनी घरातल्या गोष्टी सांगायला सुरुवात केली. वरच्या मजल्यावरच्या आजी रेडिओ मोठा लावतात. दुधवाला उशिरा येतो. न्हाणीघराच्या दाराला वर उचलून कडी लावावी लागते. भाऊ म्हणाले, कडी मी बघतो. हिराबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "म्हंजी दुरुस्त करतो," भाऊंनी लगेच सुधारलं.

वलवणला जिन्यापाशी दोघं थांबली. दवाखान्यातल्या व्यायामवाल्या ताईंनी शिकवलं होतं: चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा. भाऊंनी कठडा धरला, डावा पाय वर ठेवला, उजवा त्याच्याजवळ आणला. हिराबाई मागे उभ्या होत्या, पण त्यांनी हात पुढे केला नाही. मध्यावर भाऊ थांबले.

"दुखतंय?"

"न्हाई. दम लागलाय."

"खरं?"

"खरं. पोट कुटं कमी झालंय अजून."

हिराबाई त्यांना ओलांडून वर गेल्या आणि कुलूप काढलं. भाऊ उंबऱ्यावर येऊन पोचले तेव्हा खिडक्या उघडल्या होत्या आणि वारा सगळ्या घरातून वाहत होता. त्यांनी चपला काढल्या. नव्या घरात आपण कुठे बसायचं असतं हे न कळून ते स्वयंपाकघरात गेले.

"चहा मी टाकतो," ते म्हणाले.

"दूध आणायला लागेल. मी खाली जाऊन येते."

त्या जिन्यावरून झरझर उतरल्या. भाऊंनी पातेलं शोधलं, पाणी मोजून ओतलं, चहाची पूड सापडली. साखर सापडेना. एक डबा उघडला, त्यात रवा होता. दुसऱ्यात शेंगदाण्याचं कूट. त्यांनी खिडकीतून वाकून खाली पाहिलं. हिराबाई रस्ता ओलांडत होत्या.

"हिराबाई," त्यांनी हाक मारली, "साखर कुठाय?"

रस्त्यातली दोन-तीन माणसं वर बघायला लागली. हिराबाई थांबल्या, वळल्या.

"पितळी डब्यात, मागच्या रांगेत," त्या खालून म्हणाल्या. "आणि थोडीच घाला."